उलट्या बाजूची जाहिरात

संत्री संपली की आमच्या घरात उन्हाळा सुरू व्हायचा. पंचांगाशी त्याचा काही संबंध नव्हता. एप्रिलच्या मध्याला मृग बहाराची शेवटची फळं मार्केटातून आगगाडीला लागली की बाबांची हातोडी भिंतीवरच्या खुंटीला लटकायची. बाबा संत्र्याच्या पेट्या ठोकत. पातळ फळ्यांची पेटी, तळाला गवत, वर गवत, मध्ये फळं. मूठभर खिळे तोंडात धरायचे, जिभेनं एकेक पुढे सरकवायचा आणि दोन घावांत बसवायचा. माय तिथंच फळं निवडायची. मोठं, मध्यम, लहान आणि डागी. डागी आमच्या वाट्याला यायचं. हंगामभर घराला सालींचा वास असायचा, आणि एक दिवस तो थांबायचा. वास थांबला की चूल एकवेळची व्हायची.

मग बाबा ठिय्यावर जाऊन उभे राहत. चौकातल्या एका कोपऱ्यावर सकाळी कामाची माणसं जमतात आणि काम देणारे येऊन त्यांच्याकडे बघतात, त्या जागेला आम्ही ठिय्या म्हणतो. हात बघतात, खांदे बघतात, दात सोडून सगळं बघतात. तिथं गवंडी आधी उचलला जायचा, मग रंगारी, मग जवान पोट्टे. पेटी ठोकणाऱ्याला कोण विचारतो? बाबा नऊपर्यंत उभे राहत. नागपूरच्या मे महिन्यात नऊनंतर तिथं कुत्रंही उभं राहत नाही. ते घरी आले की माय काही विचारायची नाही, पाण्याचा गडवा पुढे ठेवायची. बाबाच म्हणायचे, "आज कोणी आलंच नाई वं."

रोज तेच वाक्य. खोटं होतं ते. लोक आले होते, त्यांनी दुसऱ्यांना नेलं होतं. पण तेवढं खोटं आमच्या घरात चालायचं.

अशाच एका उन्हाळ्यात, एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. या गोष्टीचा मला गर्व होता आणि आहे. कोणाला खुपत असेल तर खुपो. फुकटचं काही माझ्याजवळ कधीच नव्हतं. गर्व तरी स्वतःच्या कमाईचा आहे.

हे सगळं परवा वर आलं, कारण नवतपा लागला. नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा सूर्याला दुसरं गाव सापडत नाही. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोरची चांगली जागा माझी नात रेवा पटकावून बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ती कुठल्याशा संस्थेसाठी नोकऱ्यांचा अभ्यास करते.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"जाहिराती गोळा करून राहिली, आजोबा. नोकरीच्या साईटवरून. नागपूरच्या, मिहानमधल्या कंपन्यांच्या, सगळ्या. वाचायचं काम कम्प्युटरच करतो. त्याच्यावरून कळतं, बाजारात कोणत्या कामाला माणूस पाहिजे."

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

"काहून हसता?"

"एक साहेब आठवला," मी म्हणालो.

साहेब बाहेरून आले होते. कुठून ते सोडा. जिथून आले तिथल्यासारखं बोलत. नागपूरच्या श्रमबाजाराचा अभ्यास करायचा, असं काम त्यांनी इथल्या एका संशोधन संस्थेत काढलं होतं. श्रमबाजार हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला आणि मला वाटलं, हा माणूस आता चौकात जाणार. छे! दारा-खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावलेल्या एका खोलीत ते अकराला शिरत आणि पाच वाजता बाहेर पडत. शामरावजी नावाचा शिपाई दर तासाला ताट्यांवर पाणी मारी. नागपूरचा उन्हाळा साहेबांनी खसच्या वासावरून ओळखला आणि नागपूरचा मजूर वर्तमानपत्रावरून.

कारण त्यांची पद्धत अशी होती: वर्तमानपत्रांतल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती कापायच्या, वहीत चिकटवायच्या आणि मोजायच्या. कापायला, चिकटवायला आणि मोजायला एक पदवीधर हवा होता, आणि तो मी होतो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हे काम नीट केलंत तर पावसाळ्यापासून इथं सहाय्यकाची कायम जागा निघणार आहे. तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे."

डोक्यात होतं म्हणे. मी त्या दिवशी घरी धावतच गेलो.

"कायमची?" बाबांनी विचारलं. त्यांना बाकी काही कळलं नाही, तो शब्द बरोब्बर कळला.

"हो, कायमची."

बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "मंग पुढच्या उन्हाळ्याले मी ठिय्यावर नाई जाऊ?"

"नका जाऊ."

"पाह्य गा," ते मायला नाही, मला म्हणाले, "सांगितलं त खरं कर. उगा बोलू नको."

मला ती नोकरी एवढ्याचसाठी पाहिजे होती. पदवीला साजेसं काम, देशसेवा, ज्ञान, असली कारणं माझ्याजवळ नव्हती. तो माणूस पुन्हा त्या कोपऱ्यावर उभा राहून स्वतःला बघू द्यायला नको, बस.

साहेबांनी दिलेला डिंक नागपूरच्या उन्हात दोन दिवसांत बाटलीतच दगड झाला. दुसरा मागवायला कागद लिहावा लागणार होता, म्हणून मी घरून खळ नेऊ लागलो. माय पीठ शिजवायची, त्यात किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायची, आणि बोलायची. "माणसाच्या पोटात जायचं पीठ हे कागदाले खाऊ घालून राहिले. कागद का भुकेला हाये का गा?" मोरचुदानं खळ निळसर व्हायची. मला ऊन लागू नये म्हणून माय माझ्या खिशात एक कांदाही ठेवायची. तर एका हातात खळीचा डबा, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, असा हा बी.ए. खसच्या खोलीत शिरायचा.

"कसला वास येतोय हो?" साहेब नाक वर करून विचारायचे.

"कांद्याचा आहे साहेब. उन्हासाठी."

"कमाल आहे. अहो, तुम्ही पदवीधर ना?"

मी खाली मान घालून कात्री चालवायचो. आज वाटतं, तो कांदा टेबलावर ठेवून फोडायला हवा होता.

ज्यानं कधी वर्तमानपत्र कापलं आहे त्याला एक गोष्ट ठाऊक असते, आणि साहेबांना ती ठाऊक नव्हती. कागदाला दोन बाजू असतात. इकडची जाहिरात कापली की तिकडची मरते. चौथ्या दिवशी मी त्यांना हे दाखवलं. पुढच्या बाजूला कुठल्यातरी मोठ्या कारखान्याची रेघांची चौकट. मागच्या बाजूला बोटभर ओळी: शिवणकाम येणारी बाई पाहिजे, गोठ्यावर गडी पाहिजे, दुकानात हिशेब लिहिणारा पाहिजे.

"कोणती ठेवू?"

"मोठी ठेवा. मोठी जाहिरात म्हणजे मोठी मागणी."

"दुसरा अंक मागवला तर दोन्ही राहतील."

"त्याला मंजुरी लागेल."

"मग मागची मी हातानं उतरवून घेतो."

साहेब हसले. लहान पोरानं चंद्र मागितल्यावर हसतात तसं. "हातानं लिहिलेलं पुरावा होत नाही. छापील तोच पुरावा."

झालं. त्या दिवसापासून मी शिवणकामवाल्या बाया, गोठ्यावरचे गडी, घरकाम, दुकानकाम, हमाली, सगळं खळीत तोंड खाली करून चिकटवत गेलो. कात्री घालण्याआधी मात्र मी मागची बाजू रोज वाचायचो. काय मरतंय ते निदान एका माणसाला माहीत असावं म्हणून. आणि जी मोठी जाहिरात तीन रविवार लागोपाठ यायची, ती साहेब तीन वेळा मोजायला लावत. "मागणी टिकून आहे, असा त्याचा अर्थ." माझ्या अशिक्षित मायला एकच डागी संत्रं तीनदा मोजायला सांगितलं असतं तर तिनं टोपली डोक्यात घातली असती.

एकदा बाबांनी जेवताना विचारलं, "त्या तुह्या जाहिरातीत पेट्या ठोकणारा पाहिजे, असं येते का गा कधी?"

मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या उलटून पाहिल्या. नाही. एकदाही नाही. पेटी ठोकणारा नाही, फळं निवडणारी नाही, ठिय्यावरचा रोजंदार नाही. या शहरातून आगगाडीचे डबेच्या डबे भरून संत्री बाहेर जातात, ती कोणी ठोकलेल्या पेट्यांत जातात? साहेबांच्या नागपुरात ती बहुधा आपल्या पायांनी चालत जात असावीत. मी धीर करून म्हणालो, "साहेब, ठिय्या इथून पंधरा मिनिटांवर आहे. सकाळी सातला चला माझ्यासोबत. माणसांनाच विचारू."

"माणसाला विचारलं की तो खोटं बोलतो," साहेब म्हणाले. "कागद खोटं बोलत नाही."

मला बाबांचं रोजचं वाक्य आठवलं. कोणी आलंच नाई. खरंच, खोटं बोलतो माणूस. पण त्या एका खोट्या वाक्यात जेवढा श्रमबाजार होता, तेवढा साहेबांच्या सगळ्या वह्या पिळल्या असत्या तरी निघाला नसता.

मग नवतपा आला. त्यातल्या एका सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि आमच्याच संस्थेची जाहिरात समोर आली. चांगली मोठी, दुहेरी रेघेची. पाहिजे: संशोधन सहाय्यक, कायम पद. माझी जागा! कात्री मी दोनदा खाली ठेवली आणि दोनदा उचलली. आणि त्या एका दिवशी, फक्त त्या दिवशी, मी मागची बाजू वाचली नाही. स्वतःचं नशीब छापून आल्यावर दुसऱ्याचं कोण वाचतो? कापली, खळ लावली, वहीत चिकटवली, वरून रुमाल दाबला. दुसऱ्या एका पत्रातही ती आली होती, तीही चिकटवली. मोजणीच्या रकान्यात नियमाप्रमाणे लिहिलं: रिकाम्या जागा, दोन.

त्यानंतरच्या आठवड्यात मी रोज अर्ज लिहीत होतो आणि फाडत होतो. अक्षर मनासारखं येत नव्हतं. शेवटी एकदाचा पक्का लिहायला बसलो, तर शामरावजी बादली घेऊन मागे उभा राहिला.

"अर्ज लिहून राहिला का गा?"

"हो."

"नको लिहू."

"काहून?"

"त्या जागेवर साहेबाचा भाचा येऊन राहिला ना. त्याचं टेबल बी आलं. मीच त उचललं." त्यानं हनुवटीनं कपाटाकडे दाखवलं. कपाटामागे बारदान गुंडाळलेलं नवं टेबल उभं होतं. चार पाय भिंतीकडे.

"मंग जाहिरात काहून दिली?"

"द्यावं लागते बाप्पा. कायदा हाये." आणि तो ताट्यांवर पाणी मारायला निघून गेला.

मी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. "साहेब, ती सहाय्यकाची जागा भरली आहे का?"

त्यांनी मान वर केली नाही. "जाहिरात ही प्रक्रिया असते. तुम्हीही अर्ज करा की. आलेल्या अर्जांची संख्या बरी दिसते."

मला राग यायला हवा होता. आला नाही, लाज आली. बाबांना दिलेल्या शब्दाची. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "मग वहीतून ते कात्रण काढून टाकू? ती रिकामी जागा नाही."

"राहू द्या," साहेब म्हणाले. "छापून आली आहे ना?"

माणसाचा तिरस्कार म्हणजे काय हे मला त्या क्षणी समजलं. त्याआधी मला फक्त लोकांची भीती वाटायची. आज इतक्या वर्षांनी सांगतो, तो तिरस्कार मी जपून ठेवला आहे. खूप ठिकाणी कामी आला.

मी वही घेऊन बाहेर व्हरांड्यात आलो, उन्हात. ते पान उघडलं. घरच्या खळीचं एक असतं, नवतप्यात ती पार वाळते आणि कागद सोडते. कात्रणाचा कोपरा आधीच वर आला होता. मी तो नखानं धरला आणि ओढला. पापुद्रा निघावा तसं ते अख्खं निघून आलं. फाडणारच होतो. तेवढ्यात उलट्या बाजूच्या ओळी दिसल्या, मोरचुदाच्या निळ्या डागांखाली.

शिक्षक पाहिजे. पदवीधर. इंग्रजी व भूगोल. पारशिवनी तालुका, मुक्काम, आणि पुढे माझ्याच कात्रीनं कापलेलं. नावाची शेवटची दोन अक्षरं पुढच्या ओळीवर गेली होती, तेवढी राहिली होती, 'गाव'. खाली लिहिलं होतं: अर्ज पाठवू नये, प्रमाणपत्र घेऊन समक्ष भेटावे.

मोठी ठेवा. मोठी जाहिरात म्हणजे मोठी मागणी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी पारशिवनीला उतरलो. अर्धा तालुका 'गाव'नं संपतो. कोणाला काय विचारणार? स्टँडवर चहाची टपरी होती. मी टपरीवाल्याला सरळ विचारलं, "भाऊ, इकडच्या कोणत्या शाळेत मास्तर कमी आहे?"

त्यानं कपबशी पुसता पुसता एका दमात सांगितलं, "इंग्रजीचा ना? तो त दिवाळीतच पळाला. या रस्त्यानं जा, नाल्याच्या पलीकडे, कौलाची शाळा. पाटील सकाळी तिथीच बसून राहते. आणि गणिताचा पाहिजे असन त दुसऱ्या गावी, पण तिथं पोट्टे मारकुटे हायेत."

अख्ख्या तालुक्याचा श्रमबाजार, चहासकट. खस लागली नाही की वही लागली नाही.

शाळेच्या ओट्यावर पाटील बसले होते. शाळा त्यांनीच काढलेली. त्यांनी माझं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं, अगदी उलटंसुद्धा. तेवढ्यावरून मला तो माणूस आवडला.

"जाहिरात येऊन आठ दिवस झाले," ते म्हणाले. "कोणी आलंच नाई. तुमीच पहिले. बाप का करते?"

"संत्र्याच्या पेट्या ठोकतात."

"मंग तुमी खिळा सरळ मारत असान," पाटील म्हणाले आणि मुलांची नावं लिहिलेलं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

साहेबांचा अहवाल पुढे छापून आला. शामरावजीनं एक प्रत आणून दिली. त्यात त्याचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं, भाच्याचं होतं. निष्कर्ष काय, तर नागपुरात जागा पुष्कळ आहेत, योग्य माणसं मिळत नाहीत. त्या पुष्कळ जागांत माझ्या दोन होत्या. आणि माणसं मिळत नाहीत हे त्यांनी कोणाला विचारून लिहिलं, तर कोणालाच नाही.

रेवानं हे सगळं ऐकलं. पोरगी लबाड नाही, हे कबूल करतो. म्हणाली, "आजोबा, आमच्याकडेही तसंच आहे. एकच जाहिरात दहा साईटवर असते. काही तर वर्षभर हलत नाहीत, त्या जागा नसतातच. मी शोधून शोधून गाळते त्यांना."

"तेवढं केलं तरी तू साहेबापेक्षा बरी. आणि ठिय्या? तो कोणत्या साईटवर असतो?"

तिनं लॅपटॉप मिटला. 

"सकाळी किती वाजता असतो?"

"सहा-साडेसहाला माणसं येतात."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊनच गेली. कोपरा तोच आहे. तेव्हाचा तिथला पिंपळ तोडला, वर उड्डाणपूल आला, त्याच्या सावलीत आता माणसं उभी राहतात. एका बाजूला गवंडी-रंगारी, दुसऱ्या बाजूला पाठीवर घरोघरी जेवण पोचवायच्या मोठ्या पिशव्या अडकवलेली, फोनकडे बघत बसलेली पोरं. फोन वाजला की एक जण उठतो. रेवानं लॅपटॉप काढलाच नाही. एका पन्नाशीच्या माणसाजवळ गेली आणि म्हणाली, "दादा, काल काम मिळालं का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"काल कोणी आलंच नाई ताई."

ती लिहायला लागली, हातानं. मी जरा दूर जाऊन उभा राहिलो.

मी बी.ए. झालो त्या वर्षी जून संपता संपता पाटलांची शाळा सुरू झाली. मी तिथं इंग्रजी आणि भूगोल शिकवायला लागलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात संत्री संपली तेव्हा माझा बाप ठिय्यावर गेला नाही. त्यानंतर कधीच गेला नाही.